सतरा नंबरची मांडी

२ जानेवारी १९८४, सोमवार
आज पशुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. खेड्यात सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पांढरा कोट मिळाला! कांचघर वस्तीतल्या आमच्या खोलीवर बायकोने, शेवंताने, खीर केली. काम असे: कापलेल्या म्हशींच्या पोटातले गर्भ कत्तलखान्यातून येतात. मी त्यांच्या मांडीचे मांस काढून, महिना लिहून, बरणीत गोठवतो. वाढत्या स्नायूतली प्रथिने बदलत जातात. कोवळी सरतात, जून येतात. इथल्या संशोधक विभावरी मॅडम ती जेलवर, म्हणजे खळीसारख्या पातळ थरावर, पसरवतात, निळे पट्टे उमटतात, आणि पट्ट्यांवरून वासराचे वय कळते. मला फार आवडले. अंबादास म्हणून इथला जुना शिपाई आहे. तो म्हणाला, भाऊ, आठ दिवसांत मटण सोडशील.

९ जानेवारी
सतरा नंबर, तीन महिन्यांचा. बोटभर मांडी. बरणीत घालताना हात थांबला. आम्हा बौद्धांत पोटुशी बाईचे गर्भमंगल करतात, बाळ सुखरूप यावे म्हणून गाथा म्हणतात. याच्या आईचे कोणी केले असेल? बरणीवर हात ठेवून ती गाथा मी मनापासून म्हटली. गेलेल्यासाठी म्हणायच्या गाथा वेगळ्या असतात, हे मला ठाऊक होते. तरी तोंडी हीच आली. अंबादासने ऐकलेच. म्हणाला, काहून रे बावा, मेलेल्याचं बाळंतपण करून राहिला काय?

२३ जानेवारी
दर सोमवारी तुलनेसाठी सतराचाच मोहरीएवढा तुकडा जेलवर चढतो. आज पट्टे पाच महिन्यांचे उमटले. मॅडम म्हणाल्या, बरण्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. मी केली नाही.

६ फेब्रुवारी
सात महिने. दगडासारखे गोठलेले मांस, आणि आत त्याचे दिवस भरत आहेत. आज पात्याखाली ते आखडले. अंबादासनेही पाहिले. तो आता हसत नाही.
मॅडमना गाथेचे सांगितले. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, कचरा जाळायच्या भट्टीत टाका, आणि वहीत तीन महिनेच लिहा.
मी नाही म्हटले. दिसते तेच लिहीन. आणि ज्याला सुखरूप ये म्हटले, त्याला जाळणार नाही. मला कामावरून काढायचे तर काढा, म्हटले. फ्रीझरची किल्ली मी खिशात घातली.

२० फेब्रुवारी
नऊ महिने. म्हशीचे दहाव्यात भरतात. फ्रीझरमध्ये बरणी कोमट लागली.
शेवंता म्हणते, सोडा ती नोकरी. नाही सोडणार. पण भीती वाटते. त्याला डोके नाही, तोंड नाही, खूर नाहीत. नुसती मांडी. तिचा जन्म म्हणजे काय—

२७ फेब्रुवारी, दुपार
दिवस भरले. बरणी फुटली.
प्रयोगशाळेला आतून कडी लावली आहे. भट्टी पेटल्याचा वास येतो. मॅडम दार ठोकतात. अंबादास रडून म्हणतो, भाऊ, फेक ना ते, आईची शपथ तुले.
नाही फेकणार.
उपरण्यात घेतले आहे. गरम. मघापेक्षा जड— पुन्हा जड—
तोंड नाही, तरी शोधते आहे. दूध दिले, नको त्याला. डाव्या हाताचे बोट धरले.
ओढते आहे. मनगटापर्यंत—
घाबरलो आहे. पण मीच बोलावले याला. हात काढून घेणार ना—