घोड्याखालचं घर

३ ऑक्टोबर, सॉल्टबुश, ॲरिझोना
कामाचं टेबल, त्याचे खण, दारावरची पाटी, कपाटातली सगळी कातडी म्यानं, बायकोच्या, नेडीनच्या, ओट्यावरची फळी. सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. आज बंदूकदुरुस्तीचं दुकान उघडलं. हवा कोरडी, लोखंडाला मानवणारी. नेडीन नव्या घरात गुणगुणत फिरतेय. गाव झकास आहे.

६ ऑक्टोबर
ओरिन स्टर्जिस नावाच्या विधुर म्हाताऱ्याकडून लहानसं रिव्हॉल्व्हर घेतलं. स्टेनलेस स्टीलचं, पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं. पँटच्या खिशात सहज मावतं. चाप खरखरत होता, तो घासून लोण्यासारखा केला. मुठीला इथल्या मेस्किट झाडाचं लाकूड बसवलं. आता रोज जवळ हेच.
आजोबांच्या शिस्तीनं चक्राच्या पाच घरांत गोळ्या चारच भरतो; घोड्याखालचं घर रिकामं, धक्क्यानं चुकून बार उडू नये म्हणून. हॉलिस न्हावी म्हणाला, "मिस्तरी, नव्या बनावटीत याची गरज नाही. उद्या खबरदारी म्हणून गाडीचं एक चाक काढून ठेवाल."
माझं काम मला कळतं, म्हटलं.

९ ऑक्टोबर
संध्याकाळी चक्र उघडलं, तर रिकाम्या घरात उडालेल्या गोळीची पुंगळी. माझ्या चारही गोळ्या जागच्या जागी. नळी स्वच्छ, दारूचा वास नाही. पुंगळीच्या बुडावर कुठल्याच कारखान्याचा शिक्का नाही.
दोरीवर वाळत घातलेल्या नेडीनच्या ॲप्रनला छातीपाशी भोक, कडा जळलेल्या. ठिणगी उडाली असेल, म्हणाली.

११ ऑक्टोबर
पुन्हा पुंगळी. या वेळी भोक नेडीनच्या गाडीच्या सीटला, पाठीच्या उंचीवर. ते रिव्हॉल्व्हर विकून टाका, म्हणते. सगळा चाप सुटा करून पाहिला. दोष माझ्या कामात नाही.

१३ ऑक्टोबर
पुन्हा पुंगळी. भोक नेडीनच्या उशीला. ती कॉफी ठेवायला उठली होती, उशी अजून ऊबदार — ती आता गुणगुणत नाही. बहिणीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, एक दिवस थांब, उपाय सापडलाय. जागाच उरली नाही तर पुंगळी येईल कुठून?

१४ ऑक्टोबर
सकाळी पाचही घरं भरली.
दुपारी स्टर्जिस आला. किती गोळ्या भरता, विचारलं. मी ऐटीत सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला.
"मीही शेवटी पाचवं भरलं होतं, भाऊ. घर रिकामं असतं तोवर ते स्वतःची गोळी आणतं, कापडावर भागवतं. आपली भरली की आपलीच वापरतं. माझी बायको तशीच गेली. तुम्हाला घरी बायको आहे हे आज कळलं. परत द्या मला."
म्हातारा माझ्या चापावर टपलाय असं वाटलं. वाटेला लावला.

नंतर
हात स्वस्थ बसेनात. चक्र उघडलं.
चार शाबूत. पाचवी उडालेली — शिक्क्याची, माझीच. नळी हाताला चटका —
आवाज झालाच नाही. नेडीन आत होती, कपड्यांच्या घड्या घालत. हाक मारली. परत मारली. पाय उचलत नाहीत —
दुपारी स्टर्जिसनं सगळी पुंजी टेबलावर ठेवली होती. तीन हजार डॉलर. मी नको म्हटलं. म्हटलं, असा चाप अख्ख्या राज्यात कुणी —