सोफ्याएवढा हॉल

प्रिय शैलश्री,

हे फोनवर बोलता येत नाही. अप्पा शेजारीच बसतात आणि कान माझ्याकडं लावून ठेवतात, म्हणून लिहायला बसले. पाठ दुखायची थांबली का? सातवा लागलाय, जड काही उचलू नकोस.

वास्तुशांतीच्या आधी तू हॉलच्या फरशीवर रांगोळीनं सोफ्याच्या मापाची चौकट काढलीस, भोवतीनं चालून दाखवलंस आणि लहानच सोफा घ्या म्हणालीस. तेव्हा अप्पा म्हणाले होते, "येवढं घर बांधलं, अन् पाव्हण्यानं उभं ऱ्हायचं व्हय?" आणि वास्तुशांतीलाच उदगीरहून सात माणसांचा सोफा आला. दुकानाच्या मोठ्या दालनात तो बेताचा वाटला असेल, इथं त्यानं अर्धा हॉल गिळला. तू चारचौघांत हसलीस, ते चिडले, आणि बाळंतपण सासरी कलबुर्गीलाच करीन म्हणून तू तरातरा निघून गेलीस. बाप तशी लेक! पण पहिलं बाळंतपण माहेरी नाही, हे माझ्या मनाला फार लागलं गं.

आता इकडची गंमत ऐक. सोफ्यापायी स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडायचं, चहा मी अंग चोरून बाहेर आणायची. शेजारच्या काशप्पांचे गुडघे टीपॉयला लागायचे. एकदा ते म्हणाले, "बसवंतप्पा, मी भाईर पायरीवरच बसतो. सोफ्याला जागा लागायलीय." गेल्या आठवड्यात सोफ्याचा लांब भाग अप्पांनी मठाच्या व्हरांड्यात देऊन टाकला. तिथं तो शोभतो. चुकलं असं मात्र म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत.

आणि काल दुपारी मागच्या खोलीत गेले, तर अप्पा फरशीवर गुडघे टेकून बसलेले, हातात माझा रांगोळीचा डबा. वाकड्यातिकड्या रेघांची एक खाट, तिच्याजवळ पाळणा, दोन्हींच्या भोवती चालायला वाट. मला म्हणाले, "पाळणा खिडकीपासून लांब घेतलाय, वारं लागंल. बघ जरा, फिरता येतंय का." मी फिरून दाखवलं. पण सातवा मला नाही, तुला लागलाय. माप बघायला तूच हवीस. तुला बोलव, असं ते म्हणाले नाहीत. फक्त त्या खोलीत मला झाडू मारू देत नाहीत. ये बाई लवकर, धूळ साचायलीय.

तुझीच,
अव्वा