निरंजना कुणाच्याच बाजूची नाही

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
‘ही पोरगी कुनाच्याच बाजूची न्हाई, पर मनानं लई चांगली हाय,’ असं हनुमंतकाका म्हणाले होते. तेव्हा मी शाळेत, तिसगावला. बांधावरून काका आणि वडील भांडत होते आणि मी दोघांनाही चहा नेऊन दिला होता. ते वाक्य मी आजवर जपलंय. आज उपयोगी पडलं.

संस्कृतीच्या गेममध्ये मला घेतलं. लेकीने आपण होऊन बोलावलं, म्हणजे बघा. पुतण्या हर्षल गेम मास्टर. गोष्ट तो सांगतो, आपण आपापलं पात्र चालवायचं, अडलं की फासा टाकायचा. संस्कृती तिरंदाज. तिची मैत्रीण मोनिका कुऱ्हाडवाली. मी निरंजना, रानोमाळ फिरणारी वैद्य. कागदावर स्वभाव लिहायचा होता. लिहिलं: चांगली. राजाची नाही, बंडखोरांची नाही, कुठल्या देवाचीही नाही. हर्षल म्हणाला, काकू, याला न्यूट्रल गुड म्हणतात, खेळायला अवघड असतं. मला काय अवघड? जन्मभर तेच करतेय.

३ नोव्हेंबर
संस्कृतीला नाशिकला नोकरी लागली. गेमच्या कंपनीत चित्रं काढायची. हे भडकले. इथल्या संस्थेत कुणाकडे तरी शब्द टाकलाय, बी.एड. कर आणि चिकट, म्हणाले. चित्रंच काढायची तर इथं गावात भिंती कमी आहेत का, असंही म्हणाले.

संस्कृती स्वयंपाकघरात आली. पप्पांना एवढंच म्हण, तिला जाऊ द्या. बाकीचं मी बघते. कंपनीला वीस तारखेपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, आधी दोघांचंही नीट ऐकून घेते. ती हसली. कशाला हसली? राग आला.

९ नोव्हेंबर, रविवार
संतापले आहे. गेममध्ये दरोडेखोरांनी गाव लुटायला घेतलं. मोनिकाने त्यांचा म्होरक्या आडवा केला. मी जखमी गावकऱ्यांना औषध दिलं, आणि म्होरक्यालाही दिलं. जखम ती जखम. तो उठला आणि त्याने मोनिकाच्याच डोक्यात सोटा घातला. मोनिका म्हणे, काकू, आत्ताच पाडला होता हो मी त्याला, घाम गाळून.

सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. मघापर्यंत त्या दरोडेखोरांच्या बाजूने होत्या, पोटासाठी बाहेर पडल्यात बिचारी म्हणून. सोटा बसल्यावर पार्टी बदलली. मला म्हणाल्या, तू मानूस हाय का सरकारी दवाखाना?

वर हर्षलने शिकवलं. न्यूट्रल गुड म्हणजे मधोमध उभं राहणं नव्हे, काकू. राजा चुकला तर राजाच्या विरुद्ध जायचं, बंडखोर चुकले तर त्यांच्या. जावं तर लागतंच. ह्याची शी-शू मी काढली आहे.

१४ नोव्हेंबर
ह्यांच्याशी अजून बोलले नाही. ऊसतोडीला टोळी मिळेना, त्यामुळे हे दिवसभर फोनवर ओरडतात. अशा माणसाशी बोलणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं. निरंजना असं करणार नाही. रविवारी नक्की.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपार
बोलले. जेवताना, सगळ्यांसमोर. दोन्ही बाजू मांडल्या. नाशिकमुळे मुलगी पायावर उभी राहील, पण संस्थेची नोकरी घराजवळ. चित्रकला ही कला आहे, पण पेन्शन हीसुद्धा गोष्ट आहे. ह्यांना त्यांची बाजू फार आवडली. सासूबाईंना म्हणाले, बघ, ज्योतीचं पण हेच म्हणणं हाय. मी खोडलं नाही. खोडलं असतं तर एक बाजू घेतल्यासारखं झालं असतं. संस्कृती ताटावरून उठली. भाकरी तशीच. अन्नावर राग काढायची ही कुठली पद्धत?

संध्याकाळ
गेममध्ये तिरंदाजाला पकडलं. गडाच्या कोठारातलं धान्य चोरून तिने उपाशी पोरांना वाटलं होतं. पंचांसमोर खटला. पोरं उपाशी होती हे पाहणारी एकटी निरंजना. हर्षलने विचारलं, काकू, काय सांगणार? संस्कृती माझ्याकडे बघत होती.

मी सांगितलं, पोरं उपाशी होती हे खरं. पण कोठाराचेही काही नियम असतात.

हर्षलने पुन्हा विचारलं, हेच सांगायचंय ना? एकदा सांगितलं की मागे घेता येत नाही, हा माझा नियम. मी हो म्हटलं. तिरंदाजाला गडाबाहेर काढलं, दरवाजे बंद. संस्कृतीने कागद घडी करून खिशात ठेवला आणि दळण आणायला गेली. एवढं मनाला काय लावून घ्यायचं? खेळ आहे.

२० नोव्हेंबर
आज शेवटची तारीख. सकाळीच ठरवलं होतं, हे आले की एका वाक्यात सांगायचं. हे आले, टोळी मिळाली म्हणून खुशीत. खुशीतल्या माणसाचा मूड कशाला घालवा? संस्कृतीने काही विचारलंही नाही. समजूतदार झाली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
संस्कृती गेली. मोनिकाने मला आता सांगितलं, तिने कंपनीला तीन तारखेलाच हो कळवलं होतं. मग वीस तारीख, ते एक वाक्य, हे सगळं कशाला? विचारलं. मोनिका म्हणाली, काकू, तिला तुम्ही पाहिजे होतात. नोकरी तर होतीच.

ह्यांच्याशी ती स्वतःच भांडली. परवा ओसरीत बापलेक तासभर एकमेकांवर ओरडले. मी दोघांना पाणी नेऊन दिलं, ते तसंच राहिलं. आज गादी, बॅग, कुकर ह्यांनीच टेम्पोत चढवलं आणि नाशिकपर्यंत सोडायला स्वतः गेले. निघताना मला म्हणाले, पोरगी तोंडावर बोलली, बरं वाटलं. तुझं काय असतं ते तुलाच ठाव. म्हणजे त्या दोघांचं जमलं आणि दोघंही रागावले माझ्यावर. याला न्याय म्हणायचं?

संस्कृती सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. मला वाकून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. डबा दिला तर म्हणाली, राहू दे आई, वाटेत खाऊ काहीतरी.

गेम आता दर रविवारी ऑनलाइन. ग्रुपवर नवीन लिंक आली असणार. मी त्या ग्रुपमध्ये दिसत नाही. हर्षलला विचारलं, तर म्हणाला, मी नाही काढलं, काकू.

तिला मेसेज लिहिला. तीन वेळा खोडला. पहिल्या तीनमध्ये दोन्ही बाजू होत्या. आत्ता पाठवला तो असा:

‘संस्कृती, पंचांसमोर पोरं उपाशी होती एवढंच सांगायला हवं होतं. ते आता होत नाही, हर्षलचा नियम मला माहीत आहे. तू नाहीच म्हणशील. तरी विचारते. निरंजनालाही गडाबाहेर काढायला सांग. ती तुझ्यामागून चालेल.’