हेडफोनमधली म्हातारी

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगते, मी मजेत आहे. पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

काम सोपं आहे. काचेच्या खोलीत बसून आपल्या बोलीतले शब्द कॉम्प्युटरला शिकवायचे. शाळेच्या भाषेत वाढल्यामुळे माझीच जीभ नीट वळत नाही. सोमवारी एक शब्द चुकला, तर हेडफोनमधून कुणी म्हातारी म्हणाली, “असं नाही गं, पोरी,” आणि बरोबर म्हणून दाखवलं.

साहेब म्हणाले, “आत तुमच्याशिवाय कुणीच नाही.” रेकॉर्डिंगमध्येही माझाच आवाज आहे.

काळजी करू नकोस, म्हातारी मायाळू होती. काल तिनं विचारलं, “घरी कोण असतं?” मी तुझं नाव सांगून बसले. तेव्हापासून ती गप्प आहे.

आई, आपल्या बोलीत कुणी हाक मारली, तर लगेच ओ देऊ नकोस.

तुझीच धाकटी