कंदीलवाल्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं

६ ऑक्टोबर २००२, रविवार

वाचला! डॉक्टर सकाळी येऊन म्हणाले, "धोका टळला." मी पुन्हा विचारलं. ते जरा वैतागले. वैतागू देत! मी तिसऱ्यांदाही विचारलं असतं, पण तोवर ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

आठवडाभर इथे एक अक्षर लिहिलं नाही. आता लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

गेल्या रविवारी आमच्याकडे नेहमीची बैठक. 'पेल हार्बर' — तीस वर्षं चाललेला विलायती बँड, तीन गायक पाहिलेला — आणि त्यावरून कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये भांडणारी आम्ही चार माणसं. मी पहिल्या गायकाची. जयसिंगचा कॉलेजपासूनचा मित्र रामदास दुसऱ्याचा. (याच्या वडिलांच्या ज्वारीत आता आमची सोसायटी उभी आहे, हे तो दर रविवारी एकदा तरी सांगतो.) वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा संतोष, अकोल्याचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये — तो तिसऱ्याचा. आणि माझा नवरा जयसिंग पंच. पंच म्हणजे आम्हा तिघांच्याही चुका काढणारा!

संतोष काहीतरी म्हणाला, मुखपृष्ठावर घोडा असलेल्या रेकॉर्डवरचा ड्रमवाला कोण याबद्दल. जयसिंगने बोट वर केलं. तोंड उघडलं. आणि थांबला.

रामदास टाळी वाजवून ओरडला, "हरला! जयसिंग हरला!" मीही हसले. आम्ही तिघंही हसत होतो. दुसऱ्या कुठल्याही घरात लोकांना आजारी माणूस दिसला असता. आम्हाला वादात हरलेला माणूस दिसला. बोट खाली आलं, मग मान, मग चहाचा कप. तेव्हा कळलं.

पण वाचला. बास. आज झोपेन.

८ ऑक्टोबर

उजवा हात अजून जड आहे. पाय बरा. समजतं सगळं. बोलणं मात्र गेलंय. "येईल, किंवा थोडंच येईल, आत्ता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

एक शब्द उरलाय. 'बरं.'

पाणी हवं? बरं. नको? बरं. पंखा लावू? बरं. बंद करू? बरं!

१० ऑक्टोबर

नर्स म्हणाली, "काकू, किती शांत आहेत हो काका! कुरकुर नाही की काही नाही."

हिला काय सांगू? या माणसाने आमच्या लग्नाच्या बोहल्यावर भटजींना तिथी चुकल्याचं सांगितलं होतं. कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि घरी यायचा तो शिफ्ट न संपवताच. दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रातली कोडी, पीएमटीच्या कंडक्टरने दिलेलं तिकीट — सगळ्यात खोट. माझ्या क्लासची मुलं गणिताचा पेपर आधी काकांना दाखवायला घाबरायची. त्या माणसाच्या तोंडी 'बरं'!

जीव वाचला म्हणून देवाचे पाय धरायचे, की देवाला विचारायचं हा कोण परत पाठवलास?

१३ ऑक्टोबर, रविवार

घरी आणलं. लिफ्टबाहेरची पाटी 'कृपया दार निट लावा' अशी आहे. गेली चार वर्षं तिच्यापुढे उभा राहून सेक्रेटरीच्या नावाने बोटं मोडायचा. आज पाटी वाचली. काही नाही. पुढे झाला.

रामदास पेरू घेऊन आला. दारातच उभा. आत या म्हटलं तरी येईना. मग चप्पल काढता काढता एकदम रडायलाच लागला. "वहिनी, मी टाळ्या वाजवत व्हतो हो. तो पडत व्हता आन मी टाळ्या वाजवत व्हतो."

म्हटलं, मीही हसत होते, रामदासभाऊ. आत या, पेरू चिरते.

१५ ऑक्टोबर, दसरा

सोनं दिलं. डाव्या हाताने घेतलं. बरं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज रामदासने एक शक्कल काढली. मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, त्या बोलायला शिकवनाऱ्या बाई रोज येऊन याला कप नि कंगव्याची चित्रं दावत्यात. कंगव्यावर हा कशापायी बोलंल? आपन याच्यासमोर चुकीचं बोलू. समदं चुकीचं. याला राहवायचं न्हाई!"

संतोषला वर जाऊन पढवलं. तो म्हणाला, "सही आयडिया आहे, काकू."

आणि बसलो तिघं. बाप रे! आयुष्यात इतकं खोटं कधी बोलले नव्हते. कंदीलवाली रेकॉर्ड (आम्ही सगळ्या रेकॉर्ड मुखपृष्ठावरच्या चित्रांवरून ओळखतो, सुरुवातीला नावं धड माहीतच नव्हती) — ती कंदीलवाली दुसऱ्याने गायली, असं मी म्हणाले. मी! रामदास म्हणाला, पहिला गायक अजून बँडमध्येच आहे. संतोष म्हणाला, बँड ऑस्ट्रेलियाचा आहे.

जयसिंगने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग संतोषकडे जरा जास्त वेळ.

"बरं."

रामदास खाली गेला तो स्कूटरला किक न मारता कितीतरी वेळ तसाच बसून होता. गॅलरीतून दिसत होतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तोच प्रयोग. यावेळी रामदास तयारी करून आला होता, घोड्याच्या रेकॉर्डवर सनई आहे म्हणाला. आणि जयसिंग हसला! ओठाचा डावा कोपरा वर, डोळे बारीक. त्याने ओळखलंय! आम्ही मुद्दाम करतोय हे पहिल्या दिवसापासून ओळखलंय, आणि मुद्दाम केलेली चूक काढण्यात त्याला काडीचा रस नाही. चूक कशी — मनापासून केलेली हवी!

म्हणजे आत सगळा तोच आहे. तसाच बसलाय, लबाड! छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. रामदासला दोन वेळा चहा दिला.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

"शालन."

एवढंच. पणती ठेवायला वाकले होते, मागून. फुटका, घोगरा, पण माझंच नाव! मी पणतीसकट खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. तो घाबरला बिचारा. मग रडता रडता हसले, तर आणखी घाबरला.

७ नोव्हेंबर

पाणी. चहा. पेपर.

९ नोव्हेंबर

नको!!

दुधी भोपळ्याची भाजी वाढली तर ताट डाव्या हाताने सारलं आणि म्हणाला — नको. सोसायटीत पेढे वाटावेत इतका आनंद झाला. बाईंनी फोनवर सांगितलं, नकार येणं फार चांगलं लक्षण. मी म्हटलं, तुम्ही यांना आधी ओळखत नव्हतात, हे लक्षण नाही, हा यांचा स्वभाव आहे.

११ नोव्हेंबर

लिफ्टजवळच्या पाटीपुढे थांबला. बोटाने 'नि' दाखवला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो रे राजा, दीर्घ.

पण भाजीचं ते एक 'नको' सोडलं, तर मला मात्र अजूनही 'बरं'च. इतरांना नको, नाही, चूक. संतोषला काल चक्क "गप!" आणि मी काही विचारलं की 'बरं'. मेहेरबानी करतो आहे का माझ्यावर? आजारपणात बायकोने केलं, म्हणून तिला दुखवायचं नाही? मला ती मेहेरबानी नको. पाहुण्यासारखा वागतोय माझ्याशी.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज खरी बैठक! नाटक नाही, मुद्दाम नाही. सुरुवात संतोषने केली. म्हणाला, काकू, पहिला सिंगर ओव्हररेटेड आहे. माझं डोकंच फिरलं. मग रामदासलाही चेव आला. दुसऱ्याच्या आवाजात माती हाय, पयला नुसता घासून पुसून ठेवल्यागत गातो, वगैरे. मी म्हटलं, दुसऱ्याचा आवाज मला पाच मिनिटं सोसत नाही, तो गातो की भांडी घासतो? महिनाभराची कोंडलेली वाफ सगळी बाहेर पडली. फार बरं वाटलं.

शेवटी माझा हुकमाचा एक्का. शेवटचं गाणं.

लग्नाआधी जयसिंगने मला दिलेली कॅसेट. बोटीवर काम करणाऱ्या त्याच्या मामाकडच्या रेकॉर्डवरून स्वतः भरलेली. सबंध कंदीलवाली, आणि मग उरलेल्या फितीवर ते एक गाणं. नुसती गिटार आणि अगदी खालच्या पट्टीतला, दमलेला आवाज. पहिल्याने बँड सोडताना गायलेलं शेवटचं. नाव माहीत नाही, कुठल्या रेकॉर्डवर नाही, संतोषला इंटरनेटवरही सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी या गाण्यावर लग्न केलंय. असलं गाणं निवडून देणारा माणूस म्हणजे माझ्या बाजूचा, असं वाटलं होतं. आजवर कुठलाही वाद मी या गाण्यावर संपवत आलेय. रामदास यावर एकदाही बोलू शकलेला नाही.

आजही तसंच. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ह्याच्यापुढं आपलं काय चालंना, वहिनी."

हे गाणं लागलं की जयसिंग नेहमी उठून चहा टाकायला जातो. त्याला भरून येतं, आणि चारचौघांत रडायचं नसतं, असं मी धरून चाललेय. आज जड हाताने चहा टाकता येत नव्हता. बसला जागच्या जागी. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. डाव्या हाताची बोटं खुर्चीवर वाजत होती. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. रामदास म्हणाला, दमला असंल, चला.

ते दोघं गेल्यावर मी त्याच्यापुढे स्टूल ओढून बसले. म्हटलं, "जयसिंग, सगळ्यांना बोलतोस. मलाच तेवढं 'बरं' का? मी काही काचेची नाही. माझी एक तरी चूक काढ रे! एक!"

ओठ हलले. पण नाहीच.

"बरं," म्हणाला.

१८ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना. मी कपात बिस्किट बुडवत होते. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, पण सबंध वाक्य! आजारपणानंतरचं पहिलं.

"शेवटचं गाणं... पहिल्याचं... नाही. दुसऱ्याचं."

बिस्किट कपात पडलं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मी ओरडलेच. माझा हा जन्माचा टीकाकार, भटजींनाही न सोडणारा! दर रविवारी मी ते गाणं रामदासच्या डोक्यात घालत होते आणि हा चहा टाकायला जात होता!

तो शब्द शोधत होता. मी थांबले.

"तुला... आवडलं होतं."

चहा गार झाला. रामदासला यातलं एक अक्षर सांगायचं नाही.