भोपळ्याच्या दातांना पुरून उरणारं खेळणं

३ मार्च, सोमवार

भोपळ्याने आज टीव्हीचा रिमोट खाल्ला. अख्खा नाही. आवाज वाढवायचं बटण शिल्लक आहे.

भोपळ्या म्हणजे मुलीचा कुत्रा. तिला परगावी नोकरी लागली, तिथल्या खोलीत कुत्रा चालत नाही, म्हणून 'थोडे दिवस' आमच्याकडे. पिल्लू असताना भोपळ्यासारखा गोल होता. आता उभा राहिला की दार झाकलं जातं.

हिचा पारा चढला. आधी सोफ्याचा पाय, मग हिच्या दोन चपला (वेगवेगळ्या जोडांतली एकेक, म्हणजे दोन्ही जोड गेलेच), आता रिमोट. हिने बजावून सांगितलं की या महिन्यात घरातली आणखी एक वस्तू जरी गेली तर कुत्रा हिच्या धाकट्या भावाकडे. मेव्हण्याचं घर गावाबाहेर, पुढे मोठं अंगण, राखणीला त्याला कुत्रा हवाच आहे.

मी म्हणालो, माझी काहीच हरकत नाही. मला मुळात कुत्र्यांचं एवढं काही नाही. फक्त एक मुद्दा मांडला की अंगणात गारठा असतो. आणि मेव्हण्याला कुत्र्यातलं ओ की ठो कळत नाही. साखळीला बांधेल आणि विसरून जाईल.

जेवण गेलं नाही. हवा बदलली आहे.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर वाचन. कुत्रा सामान का चावतो? रिकामा बसतो म्हणून. उपाय सोपा. चावायची खेळणी मिळतात, आत पोकळ. पोकळीत खाऊ भरायचा. कुत्रा चावतो, चाटतो, लोळवतो, थोडा थोडा खाऊ बाहेर येतो. दात तिथे गुंतले की सोफा वाचतो. अट एकच, खेळणं टिकाऊ हवं.

टिकाऊ! हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. बॅगांच्या कारखान्यात माल तपासण्यात माझा जन्म गेला. माझा शिक्का बसल्याशिवाय एकही हँडल बाहेर पडत नाही. लोक खेळणी घेताना डब्यावरचं वाचतात. मी टेस्ट करणार.

रविवारच्या आत विषय संपवतो.

५ मार्च, बुधवार

पहिलं खेळणं आणलं. लाल रबर. डब्यावर लिहिलं होतं, 'कडाडून चावणाऱ्यांसाठी'. आत पीनट बटर भरलं, भोपळ्यासमोर ठेवलं आणि चहा टाकायला गेलो.

पाण्याला आधण यायच्या आत खेळण्याचा चिवडा झाला होता. पीनट बटर गालिच्यावर. आणि भोपळ्याने टेबलाच्या पायाला तोंड लावलेलं. मी प्रसंगावधान राखून पटकन बिस्किट पुढे केलं. टेबल सोडून लगेच आला. टेबल वाचलं. असं सुचावं लागतं.

गालिचा फिरवून डाग सोफ्याखाली घेतला आहे.

७ मार्च, शुक्रवार

खेळण्यांची पिशवी भरून कारखान्यात नेली. हँडल ओढायच्या मशीनला एकेक लावलं. मशीन चालवणाऱ्याने विचारलं, हे कुठल्या मॉडेलचं हँडल? म्हटलं, गोपनीय आहे. तो दोन पावलं मागे सरकला. बरं केलं, कारण निळा चेंडू ताणला गेला, सुटला आणि साहेबांच्या केबिनच्या काचेवर जाऊन आपटला. साहेब बाहेर आले. मी म्हणालो, सॅम्पल आहे. खोटं काहीच नाही त्यात.

सगळी फेल. एकच पास, काळं कडक हाड, मधोमध बिस्किट खोचायला भोक. मशीनचा चिमटा घसरला, पण हाडावर ओरखडा नाही. असा माल कित्येक वर्षांत हाताखालून गेला नव्हता. मी स्वतः शिक्का मारला.

८ मार्च, शनिवार

काळं हाड दिलं. भोपळ्याने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. मग उठून सोफ्याच्या उरलेल्यांपैकी एका पायाकडे गेला. बिस्किट दाखवलं, तत्काळ परत आला. हल्ली तर पायाला दात लावायच्या आधीच वळून माझ्याकडे बघतो. शिस्त लागते आहे.

हाडाचं गणित सोपं आहे. त्याला वापर माहीत नाही, दाखवायला हवा. ही भाजी आणायला गेली होती. मी चार पायांवर बसलो, हाड दाढेत धरलं आणि चावलं. कडकन आवाज आला. वाटलं, हाडाला तडा गेला. फार वाईट वाटलं, शिक्का मारलेला माल.

हाडाला काही झालेलं नाही. दाढेची कॅप गेली.

१० मार्च, सोमवार

दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, काय चावलंत? म्हटलं, खेळणं. त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? म्हटलं, कुत्रा आहे. यावर ते पाठ करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते.

माझ्या दाताचं सोडा. भोपळ्याचा दात गेला असता तर? या विचाराने तिथून थेट घरी आलो आणि त्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गाल सुजलेला, त्यामुळे आधी त्यांना वाटलं, पेशंट मीच. त्या म्हणाल्या, फार कडक वस्तू देऊच नका, कुत्र्याचा दात मोडतो. नखाने दाबून बघायचं. खूण उमटली तर घ्यायचं. आणि तोंडात अख्खं मावणार नाही एवढं मोठं हवं, गिळलं तर पंचाईत. एवढीशी गोष्ट! आमच्या मशीनला नखं नाहीत, तिथे चूक झाली.

मग त्यांनी विचारलं, तो सामान चावायला लागला की तुम्ही काय करता? मी अभिमानाने सांगितलं, बिस्किट देतो. बाई चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, चावताना नका देऊ हो. गुपचूप पडलेला असेल तेव्हा द्या.

मी हो म्हणालो. त्या भोपळ्याला दहा मिनिटं बघणार. मी त्याच्याबरोबर राहतो. गुपचूप पडलेल्याला कशाला उठवायचं?

१३ मार्च, गुरुवार

दुकानात जाऊन सगळी खेळणी नखाने दाबली. दुकानदार माझ्या मागे मागे फिरत होता. शेवटी म्हणाला, काका, फळं नाहीत ती. दुकानदारच अडाणी.

तीन घेतली. त्यातला डुलणारा चेंडू उत्तम. ढकलला की कलंडतो, भोकातून बिस्किट पडतं. भोपळ्याला मी गुडघ्यांवर रांगत ढकलून दाखवला. कमाल हुशार कुत्रा. चेंडू तोंडात धरून माझ्याकडे आणतो, गुडघ्यावर पंजा ठेवतो, मी ढकलतो, तो खातो. एका संध्याकाळीत मी त्याला एवढं शिकवलं.

हिने विचारलं, तो लोळतोय आणि धापा तुम्ही का टाकताय? सगळंच समजावत बसत नाही मी.

१५ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

हिच्या प्रवासाच्या बॅगेचं हँडल भोपळ्याने तोडलं. आमच्याच कारखान्याची बॅग. आत लेबलावर माझा शिक्का.

म्हणजे अट मोडली. कुत्रा जाणार. मी बॅग हातात धरून कपाटासमोर उभा राहिलो. भोपळ्या शेजारी बसून माझ्या पोटरीला टेकला होता. त्याला काही पत्ताच नाही.

ही आली. मी सांगितलं की हँडल आपोआप तुटलं. माल कच्चा निघाला. तपासणीत चूक झाली असणार. ही म्हणाली, तपासणी तुमचीच ना? मी म्हणालो, हो, माझीच. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोललो.

हिने हँडल उजेडात धरलं. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. मग मला न ओरडता हिने भावाला फोन लावला. ओरडली असती तर परवडलं असतं.

ठरलं ते असं. पुढच्या रविवारी मेव्हणा गाडी घेऊन येणार. आम्ही तिघं बाहेर जेवायला जाणार, भोपळ्या घरात एकटा राहणार. परत आल्यावर सगळं जागच्या जागी असेल तर तो इथेच. नाहीतर त्याच गाडीतून रवाना.

मला कुत्र्यांचं एवढं काही नाही, असं मी वर कुठेतरी लिहिलंय. ते सर्वसाधारण कुत्र्यांबद्दल आहे.

१९ मार्च, बुधवार

अखेर खेळणं सापडलं. जाड रबर, नखाची खूण उमटते, भोपळ्याच्या तोंडात अर्धंच जातं. नवीन युक्ती अशी की खाऊ भरून फ्रीजरमध्ये गोठवायचं. वितळेपर्यंत चाटत बसतो. एकावर भागणार नाही म्हणून भरपूर आणली. हिने मटार काढायला फ्रीजर उघडला आणि पायावर एक पडलं. हिच्या पायाला लागलं, खेळण्याला पोचासुद्धा नाही. मी तेवढं नोंदवून घेतलं, मोठ्याने. तिथे चुकलं.

संध्याकाळी रंगीत तालीम. खेळणं दिलं, दार ओढून जिन्यात थांबलो, किल्लीच्या भोकातून पाहिलं. पलीकडून भोपळ्याचा डोळा. खेळण्याला शिवलासुद्धा नाही. आत जाऊन मी हातात धरलं, तर मन लावून चाटत बसला. जिन्यातून जाणाऱ्या शेजारणीने विचारलं, घरात घेत नाहीत का? मी हसून वेळ मारून नेली.

निष्कर्ष: खेळणं निर्दोष. फक्त हाताचा किंचित आधार लागतो.

२३ मार्च, रविवार, सकाळी

घरात कमालीची शांतता. मेव्हणा आला आहे. गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून आणली आहे. जाऊन पाहिली. भोपळ्याला ती पुरणार नाही.

प्लॅन तयार. खेळणी तीन ठिकाणी. मी निर्धास्त आहे.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी

जे घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू कळेल.

हॉटेलात बसलो. मेनू आला. मी पोट धरलं, तुम्ही सावकाश जेवा म्हणालो आणि घरी आलो. हेतू फक्त निरीक्षणाचा. दिसू नये म्हणून सोफ्यामागे आडवा झालो. भोपळ्याने मला क्षणात शोधलं आणि पोटावर डोकं ठेवलं. आलोच होतो तर खेळणं धरलं. एक संपलं, दुसरं धरलं, तिसरंही धरलं. सकाळपासून मीच काही खाल्लं नव्हतं. त्याच्या अंगाची ऊब छान होती. डोळा लागला.

जागा झालो तेव्हा ही आणि मेव्हणा वरून वाकून बघत होते.

घरातली एकही वस्तू गेली नव्हती. सोफा, टेबल, चपला, नवा रिमोट, सगळं धडधाकट. फक्त माझ्या पँटचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली नव्हता. मी झोपल्या झोपल्याच मुद्दा मांडला की पँट हे घरातलं सामान नव्हे, ते अंगावरचं वस्त्र आहे, सबब अट मोडलेली नाही.

उत्तर मेव्हण्याने दिलं.

"ताई, कुत्र्याचं काही चुकत नाहीये. तो राहू दे. भाऊजींनाच चार दिवस माझ्याकडे पाठव."

मी हसलो. बराच वेळ एकटाच हसत होतो.

२४ मार्च, सोमवार

मेव्हण्याकडे. मागच्या सीटवरच्या त्या चादरीला मी गाडीत चढताना घडी पडली होती, ती मीच नीट केली. साहेबांना दाताचं कारण सांगून रजा घेतली.

इथे येण्याचा निर्णय माझाच म्हणायचा. नियंत्रित प्रयोगासाठी एका घटकाला बाजूला काढावंच लागतं. भोपळ्या माझ्याशिवाय घर डोक्यावर घेईल, उद्या दुपारपर्यंत हिचा फोन येईल. बॅग उघडलेली नाही.

२६ मार्च, बुधवार

फोन मीच केला. हिने सांगितलं, काहीही चावलेलं नाही. कालही नाही, आजही नाही. विचारलं, कुठलं खेळणं देतेस? म्हणाली, एकही नाही, सगळी खोक्यात भरून माळ्यावर टाकली. गुपचूप पडला की एक बिस्किट देते, मग तो आणखी गुपचूप पडतो.

मी समजावलं की गोठवलेल्या खेळण्याचा परिणाम असा उशिराच दिसायला लागतो. ही म्हणाली, असेल. हिच्या 'असेल'चा अर्थ मला माहीत आहे.

तो जेवतो का, विचारलं. नीट जेवतो. दाराकडे बघत बसतो का, विचारलं. नाही बसत. मग मी हवेबद्दल विचारलं.

२८ मार्च, शुक्रवार

आज राहवलं नाही. हिला म्हणालो, फोन जरा त्याच्या कानाशी धर. ही नको म्हणत होती. आता कुठे घडी बसली आहे, म्हणाली. मी गयावया केली. लिहायला लाज वाटते, पण केली.

हिने धरला. मी आमच्या नेहमीच्या सुरात म्हणालो, भोपळू, कोण बोलतंय? खाऊ कुणाला?

पलीकडे आधी धाप ऐकू आली. मग कुईं. मग कडकड कडकड, आणि फोन बंद.

थोड्या वेळाने मेव्हण्याचा फोन वाजला. शेजारणीच्या फोनवरून ही. मेव्हण्याने बरंच ऐकून घेतलं, हो ताई, हो ताई करत राहिला आणि फोन माझ्याकडे दिला. हिने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं की चूक माझी आहे, त्याला अजिबात पाठवू नकोस, तो तुझ्यापाशी सुखात आहे.

ही म्हणाली, "त्याला कोण पाठवतंय? तो इथेच राहणार आहे कायमचा. तुम्ही आणखी आठ दिवस तिथे थांबा."

मी बरं म्हणालो.

माझा आवाज मात्र त्याने ओळखला. पहिल्या हाकेला.