उतरवलेला वेगमापक

प्रिय धाकट्या,

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या तीन वाट्या, त्यांचा दांडा, बेअरिंगवर धूळ जाऊ न देणारी टोपी, यंत्र तपासायला पंखा लावलेला पत्र्याचा बोगदा, हे सगळं मी या हातांनी केलं. तुझ्या पहिल्या ऑफिसचं टेबलसुद्धा. कॉलेजची पायरी न चढता.

आईचा गुडघा आता बरा आहे. तुझी वहिनी म्हणते, ‘पत्रं कसली लिहिता, भावजींना फोन करा.’ फोनवर तू ‘दादा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस. पत्राला ते म्हणता येत नाही.

आपला नियम आठवतो? नवा वेगमापक चढवला तरी जुना लगेच उतरवायचा नाही. दोघांना वर्षभर एकाच वाऱ्यात शेजारी-शेजारी फिरू द्यायचं. मगच कळतं, फरक वाऱ्याचा की यंत्राचा. तू भागीदारांच्या नादी लागलास आणि टेकडीवरच्या मनोऱ्यावरचा जुना एका दुपारी उतरवून नवा लावलास. त्या वर्षी आकडे चढले. लगेच तुमचं ठरलं: जुना झिजून कमी दाखवत होता, मागची सगळी वर्षं वाढवून धरा. त्या फुगवलेल्या वाऱ्यावर बँक कर्ज देणार, टेकडीखालची माणसं तुमच्या पवनचक्क्यांत आयुष्याची बचत घालणार.

तू भंगारात टाकलेला तो वेगमापक मी उचलून आणला. बोगद्यात पुन्हा पुन्हा तपासला. पहिल्या दिवशी फिरला होता तसाच फिरतो. त्याच मनोऱ्यावरचा खालचा वेगमापक झिजला होता, तेव्हा मीच बोंब मारली होती, स्वतःच्या खर्चानं बदलला होता. हा झिजलेला नाही. त्या वर्षी वाराच जास्त होता, बाबा. दर वर्षी नसतो.

गेल्या खेपेला जेवताना तू म्हणालास, ‘दादाचंही बेअरिंग गेलंय आता.’ सगळे हसले. आईसुद्धा. घास गिळून मीही हसलो. माझ्याच कारखान्यातून मला काढलंस, तेव्हाही एका दुपारीच. शेजारी वर्षभर कुणाला फिरू दिलं नाहीस.

काल तुझा वकील येऊन गेला. बसायच्या आधी पेन काढलं. कागदावर एकच ओळ होती: मी बनवलेला वेगमापक झिजून हळू फिरत होता. खाली माझी सही हवी होती. मी कागद परत दिला. तो तुला सांगेल, म्हातारा भाव वाढवतोय. म्हणून माझ्याच अक्षरात कळवतो, मी काय नाकारलं ते: माझा कारखाना परत, लेथसकट, आणि वर चाळीस लाख.

तुझाच,
दादा